कूलरसमोरची जागा

भुसावळच्या या घरात भिंत एकच चांगली,
आणि ती पश्चिमेची.
चार वाजता तिच्यावर तळवा टेकवून बघा.

तरी मी टेप धरला, पेन्सिलीने खुणा केल्या.
बत्तीस वर्षं मुलींना सांगितलं,
वस्तूच्या आधी भोवतालची मोकळी जागा काढा.
आता मोकळी जागा माझी स्वतःची,
दोन खोल्या, एक गॅलरी,
आणि बसवायची माणसं तीन.

पहिले गृहस्थ प्लॅस्टरचे, छातीपर्यंतच.
इस्माईल पिंजारीच्या भंगारात, तराजूच्या मागे होते,
पगडी, मिशा, नाकाचा शेंडा उडालेला.
"कोनी तरी मोठेच असतील," तो म्हणाला,
"लहान मानसावर एवढा खर्च कोन करतं?"
नाक मी खडूच्या भुकटीत गोंद कालवून केलं,
ते जरा माझ्या वडिलांच्या वळणावर गेलं.
इलाज नाही.
आल्यागेल्याने विचारलं, आजोबा का?
पहिल्यांदा नाही म्हटलं.
मग नाही म्हणायचा कंटाळा आला.
परवा सिलिंडरवाल्या पोराने
चपला काढून त्यांना नमस्कार केला.

दुसरं जामसिंगचं.
धडगावकडचा पोरगा, माझा विद्यार्थी नव्हे,
केळीच्या ट्रकांचे तुटके कमानपाटे जोडून
त्याने काहीतरी उभं केलंय,
बगळा म्हणा, वाकलेली बाई म्हणा.
तो म्हणतो, "मॅडम, पाटाच आहे तो.
फक्त आता त्याच्यावर माल नाही."
दिवसभर गॅलरीत तापतं
आणि रात्री, बडनेऱ्याकडची गाडी गेल्यावर,
निवता निवता एकदा टक् करतं.
मग बऱ्याच वेळाने पुन्हा टक्.
एकटीच्या घरात हे वाईट नाही.

तिसरी दगडाची.
भावाने सावद्याच्या मळ्यातली विहीर बुजवली
तेव्हा जिच्यावर आम्ही गोधड्या आपटल्या, ती शिळा
जेसीबीने उताणी केली.
डोकं नाही, एक हात नाही,
दुसरा हात कमरेवरच्या घागरीला.
किती साबण तिच्या पाठीवरून गेला असेल.

वहिनी म्हणाली, "वन्सं, भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये."
म्हटलं, देवी कुठे आहे ही, पाणी भरणारी बाई.
भंगलेल्या बाया ठेवायच्याच नाहीत म्हटलं
तर कुठलं घर भरेल?
वहिनी हसली नाही.
मीही नाही.

झिपाबाई पहिल्या दिवशी फडकं हातात धरून थबकली,
"हाई कोन शे व माय?"
"बाई."
"मंग ठीक शे."
आणि तिने खांदे पुसले,
जिथे मान असायला हवी तिथे जरा जपून.

चार माणसं लावून तिला चौरंगावर चढवलं,
कोपऱ्यातून पिवळा दिवा सोडला.
सावली पडली, सुरेख पडली,
घागर छताला टेकली.
मी खुर्ची ओढून बसले आणि स्वतःवर खूश झाले
साधारण तीन आठवडे.

मग मे.
पारा सेहेचाळीस, कूलरला खिडकी हवी, प्लग हवा.
दिवा काढला.
चौरंग हलेना, म्हणून कूलरच तिच्या अंगावर आला.

झिपाबाईची नात, वेणू, दुपारी आजीबरोबर येते.
एकदा आतून बघते तर
दगडाच्या पोटाला गाल लावून उभी,
डोळे मिटलेले, वाळ्याचा ओला वारा दोघींवर.
हात लावू नये,
हे माझ्या जिभेवर होतंच, पाटीसारखं.
इतक्यात तिने गाल बदलला.

तीन वाजता त्या गेल्या.
मी दार लावलं,
प्लॅस्टरच्या आजोबांचं तोंड उगीच जरा भिंतीकडे केलं,
आणि जाऊन कपाळ टेकवलं.

पश्चिमेच्या भिंतीवर खुणा अजून आहेत,
तिथे काही लावलेलं नाही.
कूलर गळतो.
थेंब घागरीवरून चौरंगावर येतात,
चौरंगाखाली एक घमेलं ठेवलंय.